घोट्याएवढं बंदर

१

माझे वडील ज्या पाण्यात बुडून मेले ते जेमतेम घोट्यापर्यंत येईल एवढंच होतं.

ते खरं बंदरही नव्हतं. वेस्टरहाव्हनच्या जलप्रयोगशाळेत, पत्र्याच्या एका अवाढव्य शेडखाली, आमचं अख्खं शहर सिमेंटमध्ये करून ठेवलं होतं. धक्के, गोद्या, मासळीबाजार, चर्च, आणि अगदी समुद्राच्या तोंडाशी, बांधाच्या कुशीत, आमची वीरहूकची वस्ती. आमचं घर त्यात काडेपेटीएवढं. एका टोकाला यंत्र होतं. ते सुरू केलं की भरती-ओहोटी यायची, आणि दांडा पुढे ढकलला की वादळ. या खोट्या समुद्राचे इंजिनियर म्हणजे माझे वडील, राइनियर आमेलिंग. जानेवारीतल्या एका रविवारी, सगळं गाव चर्चमध्ये असताना, ते त्या मासळीबाजारावर पालथे पडले होते. पाय खाडीत, तोंड गोदीत.

मी तेव्हा काही तासांची होते.

पहाटे मी जन्मले. वडिलांनी मला हातात घेतलं, माझ्या नाकाला नाक लावलं, आणि मग कपाटातून डबा काढला. आमच्याकडे बाळ झालं की येईल त्याला गोल कडक टोस्ट देतात. वर लोणी, आणि लोण्यावर साखरेत घोळवलेली गुलाबी-पांढरी बडीशेप. प्रत्येक दाण्याला बारीक शेपटी असते, म्हणून आम्ही त्यांना उंदरं म्हणतो. डबाभर उंदरं कोटाच्या खिशात कोंबून ते निघाले.

"आज रविवार आहे," आई म्हणाली.

"शेड रिकामी मिळेल. शेवटची चाचणी राहिलीये. जेवायच्या वेळेला येतो आणि सांगतो, ही आत की बाहेर."

याचा अर्थ आईला सांगावा लागला नाही. काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या पुरात वीरहूकमधली माणसं छपरावर बसून हाका मारत राहिली होती. माझी आजी त्यांतलीच. सकाळपर्यंत हाका थांबल्या होत्या. आता वादळाचं पाणी अडवायला सरकार दार बांधणार होतं आणि ते कुठे बांधायचं ते त्याच आठवड्यात समितीत ठरायचं होतं. खाडीच्या मुखावर बांधलं तर वीरहूक दाराच्या आत. शहराजवळ बांधलं तर काम सोपं, जहाजांची अडचण नाही, पण वीरहूक बाहेर. मॉडेलमध्ये दोन्ही जागी उचलता-टेकवता येणारी छोटी दारं बसवली होती. तिसराही एक मार्ग होता, खाडी पक्क्या बांधानं कायमची बुजवून टाकायची. त्याचं नाव काढलं की खाडीतली कालवं काढून जगणारे कालवंवाले दगड उचलायचे.

आत की बाहेर. आईला एवढंच हवं होतं. जेवायची वेळ झाली, सूप गार झालं, आणि जिन्यावर पावलं वाजली. ती वडिलांची नव्हती.

२

आले होते डेकेमासाहेब, प्रयोगशाळेचे संचालक. उंच, किंचित वाकलेले, पाद्र्यासारखे पांढरे हात. लग्नाआधी आई त्यांच्याच हाताखाली आकडेमोड करायची. लग्न झालं आणि बायकांसाठी असलेल्या नियमानं तिची नोकरी गेली, पण 'सर' हे संबोधन राहिलं.

बाळंतिणीचा पलंग आमच्याकडे लाकडी ठोकळ्यांवर उंच चढवतात, सुईणीला वाकावं लागू नये म्हणून. त्या उंचीवरून आईनं त्यांच्या हातातली टोपी पाहिली आणि ती ज्या पद्धतीनं धरली होती ते पाहिलं.

"हेस्तर, मन घट्ट कर."

"राइनियर?"

"चर्च सुटल्यावर मी सहज शेडकडे गेलो. वरच्या सज्जातून डोकावलो, तर..." त्यांनी टोपी हातात फिरवली. "मी खाली उतरलोच नाही गं. पाय उचलेनात. तसाच पळत जाऊन पोलिसांना फोन केला. त्यांनी आणि तुझ्या योस्तनं त्याला बाहेर काढलं."

आईनं विचारलं, "कुठलं दार लावलेलं होतं?"

"काय?"

"मॉडेलमध्ये, सर. कुठलं दार?"

शेजारची तान्नेकेमावशी कोपऱ्यात लंगोट वाळत घालत होती. ती ओरडलीच. "अगं बाई, नवरा गेला तुझा! दारं कसली विचारतेस!"

"मुखावरचं," डेकेमा सावकाश म्हणाले. "मुखावरचं दार खाली होतं, पाणी शांत होतं. पाय घसरला असणार त्याचा. तळाला नवा रंग दिलाय, शेवाळासारखा बुळबुळीत. त्यात रात्रभराचं जागरण. आणि बाप झाल्याच्या आनंदात थोडी घेतलीही असेल."

"तो पीत नाही."

"आजच्या दिवशी कोण पीत नाही, हेस्तर?"

मावशीनं सवयीनं टोस्टची बशी पुढे केली. ज्या घरात पाळणा हलतो तिथून रिकाम्या तोंडी जायचं नसतं, मग घरात प्रेत येणार असलं तरी. डेकेमा खुर्चीवर बसले आणि टोस्ट खाल्ला. बशीतला शेवटचा दाणा बोटानं टिपला. मग मला मांडीवर घेतलं, माझी मूठ उघडून त्यात स्वतःचं बोट ठेवलं, आणि डोळे पुसत उठून गेले.

आई रडली नाही. ती पलंगाच्या कडेवरून खाली पाहत होती.

"तान्नेके, घरात उंदीर झालेत गं. त्या खुर्चीखाली लेंड्या बघ."

"माझ्या हातानं झाडलेल्या घरात?" मावशी फणकारली. तरी गुडघे टेकून खाली वाकली. बारीक, काळपट, ओलसर असं काहीतरी तिनं बोटावर घेतलं आणि नाकाशी नेलं.

"लेंड्या नाहीत या," ती हळूच म्हणाली. "बडीशेप आहे. आपलीच उंदरं. पण नागडी. यांची साखर कुठे गेली?"

३

संध्याकाळच्या आधी योस्तमामा आला, आईचा धाकटा भाऊ. कालवंवाला. कमरेपर्यंतचे रबरी बूट त्यानं खाली दाराशीच काढले आणि भिजलेल्या मोज्यांनी वर आला. पाळणा पाहिला आणि तोंडातून गेलं, "अभिनंदन, ताई." मग स्वतःच्याच तोंडावर हात मारला. "मेलो मी! काय बोललो हे!"

"असू दे. बस."

"ताई, डामन मला खोदून खोदून विचारतोय." सार्जंट डामन म्हणजे आमच्या ठाण्याचा पोलीस. "मागच्या आठवड्यात मी दारूच्या गुत्त्यात बोललो होतो ना, खाडी बुजवाल तर त्या इंजिनियरला त्याच्याच डबक्यात बुचकळून काढीन म्हणून. पण ते आपलं असंच गं! राइनियरच मला नंतर घरी सोडायला आला होता, उलटी पुसली त्यानं माझी!"

"माहीत आहे मला. तू रड नंतर. आधी सांग, तू खाली उतरलास तेव्हा काय काय दिसलं?"

"तो दिसला. आणखी काय दिसणार?"

"पाण्यात. सिमेंटवर. डोळे मीट आणि सांग."

योस्तमामानं खरंच डोळे मिटले. "डबा होता. त्याच्या हाताखाली उपडा. आणि दाणे होते, बडीशेपेचे."

"कुठे? त्याच्या डोक्यापाशी?"

"छे, तिथे एकही नाही. सगळे आपल्या वीरहूकमध्ये. गल्लीगल्लीत अडकलेले. आपल्या घराच्या दारात तर मूठभर ढीग. मला वाटलं, त्यानंच गंमत केली असेल. लेक झाली म्हणून आपल्या दारात उंदरं टाकली असतील."

"बांधाच्या समुद्राकडच्या बाजूला?"

"नाही गं, आतल्या बाजूला. गल्लीत म्हणतोय ना."

"गल्ल्यांत पाणी होतं?"

"कोरड्या होत्या. नुसते दाणे चिकटलेले. असं का विचारतेस?"

आईनं मला उचलून छातीशी धरलं, आणि इतकं घट्ट की मी रडायला लागले.

वडिलांना घरी आणलं होतं. खालच्या खोलीत तान्नेकेमावशी त्यांना न्हाऊ घालत होती. आमच्या वस्तीत हे काम शेजारणीचं असतं. हात पुसत ती वर आली आणि योस्तमामाला म्हणाली, "तू जरा खाली बस रे त्याच्यापाशी." तो गेल्यावर दार लोटून आईच्या कानाशी आली.

"हेस्तर, मी पुष्कळ बुडालेली माणसं धुतलीत. पुरात तर रांगच होती. पण मागून मानेवर बोटांचे वळ असलेलं हे पहिलंच."

४

सोमवारी सकाळी सार्जंट डामन आला. पाळण्याशी उभा राहून हुंदका देत "अभिनंदन, आमेलिंगबाई" म्हणाला आणि लाजून लाल झाला. डेकेमासाहेबांनी रंगाचं सांगितलं होतं. पाय घसरला, डोकं आपटलं, वाईट झालं. त्याच्या लेखी प्रकरण संपलं होतं. आईनं त्याला वळांबद्दल एक शब्द सांगितला नाही. मावशीनं तोंड उघडलं, तेव्हा आईनं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं ते मिटलं.

दुपारी बंदराचे आयुक्त पोलमान आले. गडगडणारा माणूस. जिना चढताना सगळं घर हललं.

"अभिनंदन आणि सांत्वन! दोन्ही एकदमच उरकतो बाई, हे गुडघे दुसऱ्यांदा जिना चढवणार नाहीत. मुलगी ना?"

आईचा हात पांघरुणावर थांबला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुझ्या सुईणीचा नवरा! काल चर्चच्या पायरीवर उभा राहून गावभर वाटत होता, जसं काही त्यानंच काढलं पोर. हे घे, बायकोनं मोजे विणलेत." ते खुर्चीत कोसळले आणि टोस्ट एका घासात संपवला. "राइनियर चांगला होता गं. माझ्याशी भांडायचा, पण तोंडावर. मला शहराजवळचं, आतलंच दार हवंय, हे मी लपवत नाही. मुखावर दार आलं की बोटवाले नाकं मुरडणार, दुसरं बंदर धरणार. वीरहूकचं वाईट वाटतं. पण तुम्हा लोकांना भिजायची सवय आहे."

"माझी आई भिजली नव्हती, पोलमान. बुडाली होती."

"हो हो, तेच ते."

आईनं बशीत दुसरा टोस्ट ठेवला. "काल चर्चमध्ये तुम्ही होतात?"

"पहिल्या बाकावर! आमचं काय, आम्ही घंटेच्या आधी हजर. तुझ्या डेकेमाला विचार. दुसरं स्तोत्र चाललं होतं तेव्हा आला, आणि बूट? पचक, पचक, पचक. पाद्रीबाबा गाता गाता थांबले. माझी बायको म्हणाली, हा काय पोहत आला की काय?" ते हसले, मग कुठे बसलोय ते आठवून गप्प झाले.

"काल पाऊस होता?"

"पाऊस कसला! कोरडी थंडी. नाकातलं पाणी गोठत होतं. कुठल्या तरी डबक्यात पाय गेला म्हणाला. बरं, तुला कळलं का? शेडमधलं मॉडेल फोडतायत. सकाळपासून पहारी चालल्यात. डेकेमाचा हुकूम. म्हणे, जिथे माणूस मेला तिथे आपण आकडे कसे मोजायचे, मृताचा मान राखायला हवा. दिलदार माणूस."

आईनं डोळे मिटले. आपलं काडेपेटीएवढं घर फुटताना तिला दिसलं असेल.

"तुमच्या त्या समितीत दाराचं कोण सांगणार मग?" तिनं विचारलं.

"डेकेमा. त्याचा शब्द शेवटचा, आम्हाला काय कळतं त्यातलं? आणि त्याला काही झालं," पोलमान उठता उठता म्हणाले, "तर मग मीच आहे की."

ते गेल्यावर आईनं मावशीला कपाटातली रिकामी काडेपेटी मागितली. खुर्चीखालचे ते नागडे दाणे तिनं बशीत जपून ठेवले होते. ते तिनं एकेक करून काडेपेटीत भरले.

"डामनला बोलावू?" मावशीनं विचारलं.

"नको. डेकेमांना बोलाव. म्हणावं, पुष्पचक्राबद्दल विचारायचंय."

५

मंगळवारी ते आले तेव्हा मावशी खाली वडिलांपाशी बसली होती. वर आई, मी आणि ते.

"सर, तुम्ही माझं अभिनंदन केलं नाहीत," आई म्हणाली.

डेकेमा गोंधळले. "अशा वेळी, हेस्तर... कसं करणार?"

"योस्तनं केलं. पोलमाननं केलं. डामननं तर रडत केलं. आपल्याकडे ते विचार करून होतच नाही, पाळणा दिसला की तोंड आपोआप उघडतं. तुमचं उघडलं नाही. मी दोन दिवस विचार करतेय, का? तर त्याचं काम आधीच झालं होतं. तुम्ही रविवारी सकाळी, शेडमध्ये, राइनियरचं अभिनंदन केलंत. एका बाळाचं आपण एकदाच करतो."

"दुःखात माणूस विसरतो. यावरून तू—"

"यावरून नाही. तुम्ही म्हणालात, सज्जावरून पाहिलं, खाली उतरलोच नाही. मग या खुर्चीखाली भिजलेली उंदरं कशी आली? या घरातली सगळी कोरडी आहेत, साखरेसकट. तुमच्या पँटच्या पायाशी घडी असते, सर. त्यातून आली ती. तुम्ही मुलीला मांडीवर घेतलंत आणि पाय हलवलेत, तेव्हा सांडली. योस्त पाण्यात उतरला होता, पण तो तुमच्यानंतर आला, आणि बूट काढून आला. आणि तुम्ही काही प्रेत काढताना भिजला नाहीत. चर्चमध्ये दुसऱ्या स्तोत्रालाच तुमचे बूट वाजत होते. कोरड्या थंडीत. प्रेत तर तुम्हाला चर्चनंतर सापडलं ना?"

डेकेमांनी टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

"आणि मुखावरचं दार खाली होतं म्हणालात," आई म्हणाली. "ते खाली असतं तर दाणे जिथे पडले तिथेच राहिले असते, त्याच्या डोक्याशी. ते वीरहूकच्या गल्ल्यांत सापडले, बांधाच्या आतल्या बाजूला. बांध चढून पाणी गेल्याशिवाय दाणे तिथे जात नाहीत. म्हणजे वादळ चालू होतं, आणि आतलं दार बंद होतं. तुम्ही नंतर यंत्र थांबवलंत, आतलं उचललंत, मुखावरचं खाली केलंत. पोलमानला दारं बदलता येत नाहीत. योस्तला तर यंत्राचा दांडा कुठला तेही माहीत नाही. पाणी उतरलं. दाणे राहिले. ते तुम्हाला दिसले नाहीत, स्तोत्राची घाई होती."

डेकेमा बोलायला लागले ते स्वतःशीच बोलल्यासारखे.

"तो हसत होता, हेस्तर. मूठभर उंदरं टाकली त्यानं पाण्यात, लाट दिसावी म्हणून. म्हणाला, बघा सर, आतलं दार लावलं की लाट त्याच्यावर आपटून मागे फिरते आणि वीरहूकवर चढते. दार नसतं तर चढली नसती एवढी चढते. म्हणाला, तुमचं गणित चुकलंय सर, पण बरं झालं वेळेत कळलं. मी मंत्र्यांना आतल्या दाराचा शब्द देऊन बसलो होतो. आयुष्यभराचं माझं ते एक काम. आणि तो हसत होता, एखादी गंमत दाखवावी तसा. मी फक्त ढकललं."

"घोट्याएवढं पाणी होतं ते," आई म्हणाली. "ढकलल्यानं कोणी बुडत नाही त्यात. धरून ठेवावं लागतं. आणि मग वाट पाहावी लागते. तुम्ही पाहिलीत."

मी रडायला लागले. आईनं मला उचललं, छातीशी घेतलं आणि पाजत पाजत बोलत राहिली. तिचा आवाज चढला नाही. त्या वेळी बाळ दचकू नये म्हणून चढला नाही, असं ती पुढे मला म्हणाली.

"परवा समितीत तुम्ही मुखावरचं दार सांगायचं."

"माझा अहवाल तर—"

"फाडा. नवा लिहा. राइनियरची चाचणी तुम्ही स्वतः पाहिलीत म्हणा. ते खोटं नाही."

"नाहीतर डामन?"

"नाहीतर डामन. पण डामननं तुम्हाला नेलं तर समितीत पोलमान उरतो आणि माझी मुलगी दाराबाहेर राहते. म्हणून मला आत्ता तुम्ही तुरुंगात नकोत. मला दार हवंय."

डेकेमांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी आलं. आईनं ते पाहिलं.

"अजून संपलं नाही, सर. दरवर्षी हिच्या वाढदिवसाला तुम्ही या घरात यायचं. सगळ्यांबरोबर खुर्च्यांच्या गोलात बसायचं. केक खायचा. माझं, योस्तचं, तान्नेकेचं, हिचं, एकेकाचं, हात हातात घेऊन, अभिनंदन करायचं. विसरायचं नाही. आणि ही मोठी झाली की हिला पोहायला तुम्ही शिकवायचं."

"हेस्तर..." त्यांच्या ओठांना रंग उरला नव्हता. "याच्यापेक्षा डामन बरा."

"मला माहीत आहे."

"कुठपर्यंत?"

"दार उभं राहील आणि एकदा वादळात बंद होईल तोपर्यंत." तिनं मला दुसऱ्या बाजूला घेतलं. "टोस्ट घ्या. बाळंतिणीच्या घरून तसंच जायचं नसतं."

त्यांनी टोस्ट घेतला. आईनं तो संपेपर्यंत पाहिलं.

६

डेकेमाकाका माझे सगळ्यांत आवडते पाहुणे होते.

आमच्या संडासात भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असे, सगळ्यांकडे असतं तसं. माझ्या नावाखाली आईनं बारीक अक्षरात त्यांचं नाव लिहिलं होतं. मला वाटायचं, किती प्रेम! ते सगळ्यांआधी यायचे. दारातून पहिला शब्द, "अभिनंदन, मारित." मग आईकडे वळून, "अभिनंदन, हेस्तर." आई मान हलवायची, त्यांचा हात घ्यायची, पण उलट कधी काही म्हणायची नाही. सगळे एकमेकांना म्हणत असताना ती त्यांना वगळायची. मला ते उद्धटपणाचं वाटायचं. केकचा मोठा तुकडा मात्र तीच त्यांना द्यायची आणि विचारायची, "कुठपर्यंत आलं, सर?"

ते सांगायचे. खांब बसले. पाया धसला, पुन्हा घातला. पोलमाननं खोडा घातला, तो काढला. दाराच्या पोलादी पाकळ्या आल्या. वर्षागणिक ते वाळत गेले आणि दार वाढत गेलं. लोक म्हणायचे, राइनियर आमेलिंगच्या आठवणीसाठी हा माणूस झिजतोय. एकदा पेपरात त्यांचा फोटो आला. आईनं तो फ्रेम करून गोलातल्या त्यांच्या खुर्चीसमोरच टांगला.

पोहायला त्यांनीच शिकवलं मला. शहराच्या तरणतलावात, उथळ बाजूला. हनुवटीखाली त्यांचा पांढरा हात असायचा. बाकी मुलांचे मास्तर मुद्दाम डोकं बुडवायचे, हसायचे. डेकेमाकाकांनी माझं तोंड एकदाही पाण्याला लागू दिलं नाही. त्यांचा हात थरथरायचा. मी म्हणायची, "थंडी वाजते का काका?" आई काठावर बसून विणत असायची. टाके न मोजता, आमच्याकडे बघत.

मी बारा वर्षांची झाले त्या दिवशी वादळ आलं.

सकाळपासून वारा छपरावर बसल्यासारखा होता. रेडिओ सारखा बोलत होता. भरती आणि वारा दोन्ही एकदम, मोठ्या पुराच्या वेळी होतं तसंच. सगळी गल्ली आमच्या घरी जमली, कारण आमचा जिना दणकट होता आणि केकही होता. डेकेमाकाका आले, भिजून, काठी टेकत. "अभिनंदन, मारित." खुर्चीत बसले. केक दिला तो हातात तसाच राहिला. घड्याळाकडे बघत नव्हते, खिडकीकडेही नाही. आईकडे बघत होते.

तान्नेकेमावशी पुटपुटत प्रार्थना म्हणत होती. पोरं वरच्या जिन्यात बसवली होती.

मग खाली दार आपटलं आणि योस्तमामा आला. बूट न काढता, चिखलासकट, तसाच वर.

"लागलं! दार लागलं! बाहेर समुद्र घराएवढा आणि आत..." त्याला दम लागला होता. "आत बशीतल्या दुधासारखं पाणी! अरे, बांधाला शिवलंसुद्धा नाही!"

कोण कोणाला मिठी मारत होतं कळेना. मावशी खाली बसून रडायला लागली. मग सगळे एकमेकांचे हात धरून म्हणायला लागले, अभिनंदन, अभिनंदन, जसं काही साऱ्या गल्लीला बाळ झालं होतं.

आई उठली. कपबशांच्या मागून तिनं एक जुनी काडेपेटी काढली, कोटाच्या खिशात ठेवली आणि कोट चढवला. मला वाटलं, बांधावर बघायला निघाली. ती गोल ओलांडून डेकेमाकाकांसमोर गेली आणि हात पुढे केला.

"अभिनंदन, सर."

बारा वर्षांत पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं! काकांनी त्या हाताकडे पाहिलं, मग तो धरला आणि उठले. बशी माझ्याकडे दिली. माझ्या हनुवटीखाली क्षणभर हात धरला, पोहताना धरायचे तसा. मग स्वतःच कोट घेतला आणि आईच्या पुढे जिना उतरायला लागले. आईला त्यांना ओढावं लागलं नाही. ठाण्यात म्हातारा डामन होता. त्याच्या टेबलावर आईनं काडेपेटी ठेवली, पण ती उघडावी लागली नाही. सगळं त्यांनीच सांगितलं, खुर्चीवर बसायच्याही आधी.

हे मला उशिरा कळलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की ते केक अर्धाच टाकून गेले. वरचा साखरेचा भाग तर तसाच होता. मी तो खाल्ला.